कांद्याला पाणी देणारी फियाट

धायरी, पुणे
६ ऑक्टोबर २०२४

महारुद्र,

आशीर्वाद आहेतच, ते पुन्हा लिहीत नाही.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुझ्याशी बोलणं आता जमत नाही. मंगळवारी मी विचारलं, पिस्टन कुठले घालणार? तू म्हणालास, "हां बाई." मी विचारलं, किती दिवस लागतील? तू म्हणालास, "हां बाई." शेवटी मी विचारलं, गाडी विकून टाकलीस का? तेव्हाही तू "हां बाई" म्हणालास. येडशीच्या शाळेत सातवीला असताना तू याच पद्धतीनं माझा गणिताचा तास काढायचास, आणि मी तुला उठवून फळ्यावर लिहायला लावायची. आताही तेच करते. लेखी उत्तर दे.

परिस्थिती तुला अर्धीच माहीत आहे. जूनमध्ये तुळजापूरहून धाराशिवला जाताना माझी फियाट जाम होऊन बंद पडली. मी चार तास रस्त्याच्या कडेला बसले. तू ट्रॅक्टरनं गाडी ओढून येडशीला नेलीस आणि माझा मुलगा गुरुप्रसाद मला आठ दिवसांसाठी पुण्याला घेऊन आला. त्या आठ दिवसांना आता चार महिने होतील. मी अकराव्या मजल्यावर असते. सून निवेदिता चांगली आहे. लिफ्टही चांगली आहे. तुळजापूरच्या घराला मात्र कुलूप आहे, आणि सत्तराव्या वर्षी एकट्या बाईनं तिथं राहू नये असं गुरुप्रसादचं म्हणणं आहे. गाडी नसेल तर ते बरोबर आहे, हे मलाही मान्य आहे.

गुरुप्रसाद बँकेत तपासनीस आहे. त्याला सगळं कागदावर लागतं. म्हणून आम्ही कागद केला आहे. फेब्रुवारी संपायच्या आत मी स्वतः फियाट चालवत तुळजापूरहून पुण्याला यायचं. तीनशे किलोमीटर. वाटेत बॉनेट उघडायचं नाही. तसं झालं तर मी माझ्या घरी राहीन आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालं तर मार्चपासून घर एका लॉजवाल्याला भाड्यानं, गाडी भंगारात आणि मी अकराव्या मजल्यावर. दोघांच्या सह्या झाल्या आहेत. साक्षीदार निवेदिता. गेल्या दहा वर्षांत ही गाडी बॉनेट न उघडता तुळजापूरचा घाटसुद्धा चढलेली नाही, हे गुरुप्रसादला ठाऊक आहे. अट त्यानं विचार करूनच घातली आहे.

तेव्हा मला नुसतं दुरुस्त केलेलं इंजिन नको. जोरदार पाहिजे आणि टिकाऊ पाहिजे. घाटात ट्रकच्या मागं कण्हणारं नको. हायवेला शंभरच्या वेगानं तीन तास चाललं तरी उष्णतेचा काटा मधल्या रेघेवरून हलता कामा नये.

जमत असेल तर हो कळव. "हां बाई" नको.

चारुशीला


येडशी
१५ ऑक्टोबर

बाई, पाया पडतो.

पत्र पोचलं. आधी माझ्या बायकोनं, सत्यभामानं वाचलं, मग शेजारच्या रानाच्या धनाजीनं वाचलं, मग मला मिळालं. गाडी विकली न्हाय.

इंजिन सोडवलं. एक, दोन, चार नंबरच्या सिलिंडरला रेघा पडल्यात, ते चालण्यासारखं व्हतं. तीन नंबरचं पिस्टन आत चिकटून बसलं व्हतं. लाकडाचा ठोकळा ठिवून घणानं काढलं. त्याच पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग कागदावानी पातळ झालंय. हे एका दिवसात होत न्हाय. बाई, गाडी बंद पडायच्या आधी आतनं खटखट आवाज येत व्हता का? किती दिवस? खरं सांगा, म्हंजे रोग कुठनं सुरू झाला ते मला कळंल.

जोराचं म्हणाल तर म्या तीस वर्षं विहिरीवरची डिझेल इंजिनं बांधतोय. त्याला जोर किती हे कुणी इचारत न्हाय, बंद कधी पडंल येवढंच इचारत्यात. तुमी दोन्ही इचारलंय. जमंल.

सिलिंडर एक मिलिमीटरनं मोठं करून घेतो. अडुसष्टचं एकोणसत्तर. पिस्टन नवीन, रिंगा नवीन. हेड, म्हंजे सिलिंडरवरचं झाकण, थोडं घासून घेतो. बाकीचं हळूहळू कळवतो.

तुमची खोली किती उंच हाय ते सत्यभामा इचारतिया.

तुमचा महारुद्र


धायरी, पुणे
२२ ऑक्टोबर

महारुद्र,

हिशेब करून पाहिला. अडुसष्टचं एकोणसत्तर केलं तर चारही सिलिंडरची मिळून जागा एक हजार एकोणनव्वदवरून एक हजार एकशे बावीस सीसी होते. वाढ तीन टक्के. तीन टक्क्यांनी घाट चढत नाही. बाकीचा जोर कुठून आणणार, ते मांडून दाखव. पायरी गाळू नको.

निवेदितेनं मला तिच्या संगणकावर काही शोधून दिलं. परदेशात लोक अशा जुन्या गाड्यांचं हेड जास्त घासून इंधन साडेनऊ पट दाबतात. आपणही साडेनऊ करू. जोर थेट वाढतो. गणित बरोबर आहे, मी तपासलं.

आवाजाचं विचारलंस. आवाज नव्हता.

सत्यभामेला सांग, खोलीतून खडकवासल्याच्या बाजूचा डोंगर दिसतो. घाट नाही, नुसता डोंगर.

चारुशीला


येडशी
१८ नोव्हेंबर

बाई, पाया पडतो.

दिवाळीत उशीर झाला. पायऱ्या मांडतो.

साडेनऊ करणार न्हाय. साडेआठ करतो. साडेनऊला सोलापूरपतुर लई मजा येईल आणि टेंभुर्णीच्या पुढं बॉनेट उघडावं लागंल. तुमचं गणित बरोबर असंल, पण फेब्रुवारीतलं ऊन त्यात धरलेलं दिसत न्हाय.

बाकीचा जोर बाहेरनं आणायचा न्हाय, आत वाया जातोय तो थांबवायचा. हेडमधल्या हवा जायच्या वाटा ओबडधोबड व्हत्या. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून अकरा दिवस घासल्या. आता आत बोट घातलं तर काचंवानी लागतंय. धनाजीनं पण घालून बघितलं. रेडिएटरला पाण्याच्या नळ्यांची एक रांग वाढवून घेतली, ट्रॅक्टरवाल्याकडनं.

दुसरं, वजन. चारी पिस्टन एकमेकांच्या आणि चारी रॉड एकमेकांच्या वजनाचे पाहिजेत, न्हायतर पळताना इंजिन आपल्यालाच धक्के मारतं. आमच्याकडच्या तराजूवर सगळे सारखेच दिसत व्हते. म्हणून सिद्धेश्वर सोनाराकडं नेले. त्याच्या काट्यावर सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड रॉड यात नऊ ग्रॅमचा फरक निघाला. दुकानात एका लग्नाची खरेदी चालली व्हती. पोरीच्या मामानं इचारलं, हे कशाचे दागिने? सिद्धेश्वर म्हणाला, फियाटचे. मग म्या तिथंच पायरीवर बसून कानशीनं घासत गेलो आणि त्यो तोलत गेला. संध्याकाळपतुर पिस्टन पिस्टनशी आणि रॉड रॉडशी अर्ध्या ग्रॅममध्ये बसवले. सिद्धेश्वरनं सगळे नग त्याच्या गुलाबी कागदात गुंडाळून दिले. म्या नको म्हणलं, पण उघडं काही दुकानाबाहेर जाऊ द्यायचं न्हाय अशी त्याची रीत हाय. डबी पण देत व्हता.

रविवारी इंजिन बांधून झालं. सायलेन्सर न लावताच सुरू केलं. स्टँडवरची माणसं पळत आली, तेरखेड्याहून फटाके नेणारी गाडी पेटली म्हणून. सायलेन्सर लावल्यावर सत्यभामा म्हणाली, आवाज एकदम गोल हाय.

तुमचा महारुद्र


धायरी, पुणे
२५ नोव्हेंबर

महारुद्र,

साडेआठ मान्य. ऊन धरायचं राहिलं होतं.

इंजिन झालं असेल तर गाडीत बसव. डिसेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत गाडी तुळजापूरला माझ्या दारात लाव. मी येऊन घाटात चालवून बघेन. हाताशी अडीच महिने राहतील.

एक विचारते. इंजिनचा आवाज कसा आहे, हे तू सत्यभामेचं मत म्हणून कळवलंस. तुझं काय मत आहे? तू पूर्वी शाळेच्या आवारात उभा राहून, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचं नुसतं ऐकून कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगायचास. माझा तास बुडवून.

चारुशीला


येडशी
१६ डिसेंबर

बाई, पाया पडतो.

गाडी दारात लावता आली न्हाय. इंजिन अजून गाडीत बसवलेलं न्हाय. ते पंपावर हाय.

नवं बांधलेलं इंजिन लगेच पळवायचं नसतं हे तुमाला ठावं हाय. रिंगा आणि सिलिंडर एकमेकांला घासून बसावं लागतात. लोक गाडी हळूहळू चालवून ते करतात. आमी विहिरीवरची इंजिनं बांधणारी माणसं पंपाला जोडून करतो. तिथं चढ न्हाय, उतार न्हाय, एकसारखं वजन पडतं. म्या आजपतुर एकही इंजिन साठ तास पाणी उपसल्याबिगर मालकाला दिलेलं न्हाय. तुमी मालक असल्या तरी आधी माझ्या शाळेच्या बाई, म्हणून तुमाला कच्चं देणार न्हाय.

लोखंडी घोड्यावर इंजिन बसवलं, पट्टा टाकला, धनाजीच्या विहिरीवरच्या पंपाला जोडलं. धनाजीची विजेची मोटार जळालीय, म्हणून त्याला पण बरं झालं. पाणी त्याच्या कांद्याला जातं, पेट्रोल त्याचं. रोज तास-दीड तास. एकोणीस तास झालेत.

पाणी चांगलं फेकतंय. बघायला माणसं येतात.

तुमचा महारुद्र


धायरी, पुणे
२२ डिसेंबर

महारुद्र,

तुझं पत्र मी निवेदितेला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी एकोणीसशे सत्याऐंशीपासून ही गाडी चालवते. त्या वेळी येडशीत गाडी चालवणारी मी एकटी बाई होते आणि लोक बघायला यायचे. आता ते माझं इंजिन बघायला येतात आणि ते कांद्याला पाणी देतं. किती एकर कांदा आहे?

गुरुप्रसादला सांगितलेलं नाही. करारात कांद्याचा उल्लेख नाही, पण तो करून घेईल.

माझं म्हणणं असं. मी ते इंजिन गाडीत बसवून हळू चालवीन. चाळीसच्या वर जाणार नाही. चोवीसशे किलोमीटर होईपर्यंत. तुझे साठ तास तिथे भरतील आणि मी माझ्या घरी असेन. हे गणित तुला कळायला हरकत नाही.

आणि आवाजाबद्दल तू या वेळीही उत्तर दिलं नाहीस.

चारुशीला


येडशी
१० जानेवारी २०२५

बाई, पाया पडतो.

साडेतीन एकर.

सेहेचाळीस तास झालेत. मधी चार दिवस धनाजी लोहारा गावाला पाहुण्याकडं गेल्यामुळं काम थांबलं. आता धनाजी म्हणतो, साठ झाल्यावर पण दोन पाण्याच्या पाळ्या आणखी दे. म्या न्हाय म्हणलं. तो म्हणला, मोटारीच्या पाण्यापेक्षा फियाटच्या पाण्यानं कांदा एकसारखा लागलाय. हे त्याचं म्हणणं हाय, माझं न्हाय.

तुमी हळू चालवीन म्हणता. बाई, तुमाला म्या पंचेचाळीस वर्षं ओळखतो. तुमी चाळीसनं चालवणार न्हाय.

साठ तास झाले की इंजिन पुन्हा सगळं खोलायचं, आतनं बघायचं आणि मगच गाडीत घालायचं. तोवर धीर धरा.

सत्यभामानं तिळगूळ पाठवलाय. इंजिनला पण हळदीकुंकू लावलं तिनं, कार्बोरेटर सोडून.

तुमचा महारुद्र


धायरी, पुणे
१५ जानेवारी

महारुद्र,

तिळगूळ मिळाला. गोड आहे. मी आता गोड बोलणार नाही.

फेब्रुवारी संपायला सहा आठवडे आहेत. लॉजवाला परवा इथे येऊन गेला. त्यानं माझ्या घराचा नकाशा काढून आणला आहे. माझ्या पुस्तकांच्या खोलीत त्यानं चार खाटा दाखवल्या आहेत, आणि देवघराच्या जागी हात धुण्याचं बेसिन.

तू म्हणतोस, झालेलं इंजिन पुन्हा सगळं खोलायचं. चालणारं इंजिन खोलतात का? मी गुरुप्रसादला सगळं सांगितलं, कांद्यासकट. तो हसला नाही. इथल्या एका गॅरेजवाल्याशी तो बोलला आहे. ते दहा दिवसांत गाडी तयार करून द्यायला तयार आहेत. तीस तारखेला ट्रक येईल, गाडी आणि इंजिन असेल तसं घेऊन जाईल. हे मला आवडत नाही, पण माझ्याकडं दिवस नाहीत.

ट्रक यायला नको असेल तर मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे, तेही तुझं. सत्यभामेचं नको, धनाजीचं नको, बघायला आलेल्या माणसांचं नको. ते इंजिन चालतं तेव्हा तुला काय ऐकू येतं?

चारुशीला


येडशी
२३ जानेवारी

बाई,

काही ऐकू येत न्हाय.

दोन वर्षं झाली. तीस वर्षं इंजिनाजवळ उभं राहिलो, त्यात दोन्ही कान गेले. सत्यभामाला आणि धनाजीला ठावं हाय. बाकी कुणाला सांगितलं न्हाय. इंजिन बांधणाऱ्याला ऐकू येत न्हाय म्हणल्यावर इंजिन कोण आणंल? समोरचा माणूस काय बोलतो ते ओठांवरनं कळतं, पण फोनवर तुमी काय बोलता ते मला कळत नव्हतं. बाई बोलतायत म्हंजे हां म्हणावं, येवढं कळत व्हतं. गाडी विकलीस का म्हणून इचारलं ते तुमच्या पत्रातच समजलं.

आता ऐकायचं म्हंजे म्या स्क्रू पिळायचा लांब पेचकस घेतो. लाकडी मूठ दातात धरतो आणि टोक इंजिनला लावतो. हाडातनं थोडं येतं. मोठा रोग असंल तर कळतो. बारीक आवाज मात्र कानालाच येतात, ते दाताला येत न्हाईत. पहिलं कानानं दोन मिनिटांत कळायचं, त्याला आता साठ तास लागतात. म्हणून पंप. साठ तास वजन ओढायला लावायचं, मग खोलून डोळ्यानं आणि बोटानं बघायचं. पहिलं म्या वीस तासच चालवायचो. साठ तास ही रीत दोन वर्षांची हाय, तीस वर्षांची न्हाय. ते खोटं लिहिलं.

काल साठ तास झाले. रात्र व्हायच्या आत खोललं. एक, दोन, चार आरशावानी. तीन नंबरच्या पिस्टनला एका बाजूनं कोरडी रेघ.

त्या रॉडला बाजूला तेल उडायचं एक बारीक भोक असतं. त्यातनं सिलिंडरला तेल मिळतं. तार घातली तर ती आत जाईना. त्या भोकातनं जे निघालं ते ह्या पत्रात घातलंय. हळू उघडा, बारीक हाय.

तो सिद्धेश्वरचा गुलाबी कागद हाय. म्या रॉड गुंडाळून आणले, धुतले, पण भोकात अडकलेला तुकडा दिसला न्हाय. चूक माझी. कान असते तर पहिल्याच दिवशी ते कोरडं कुरकुरणं मला कळलं असतं. पंपावर इंजिन हळू चालतं म्हणून टिकलं. शंभरनं पळवलं असतं तर मोहोळच्या आसपास तीन नंबर पुन्हा चिकटला असता, आणि तुमचं घर गेलं असतं.

भोक साफ केलं. त्या एका सिलिंडरला नवीन रिंगा घातल्या, बाकीची भोकं पण तार घालून बघितली. आठ दिवसांत पुन्हा बांधून पंपावर चढवतो. दहा तास पुरे. पण ट्रक पाठवायचा असंल तर पाठवा. तुमी इचारलं म्हणून सांगितलं. बहिऱ्या माणसाकडनं इंजिन घ्यायचं का न्हाय, हे तुमी ठरवा.

महारुद्र


धायरी, पुणे
२८ जानेवारी

महारुद्र,

ट्रकला येऊ नको म्हणून कळवलं आहे.

कागद मिळाला. मसुराच्या डाळीएवढाही नाही. मी तो वहीत चिकटवला आहे.

आता माझं. ऑक्टोबरात तू विचारलंस, आवाज येत होता का. मी नाही म्हटलं. येत होता. एप्रिलपासून. आधी चढावर, मग सपाटीवर, शेवटी उभ्या गाडीतही. सांगितलं असतं तर तू गाडी महिनाभर ठेवून घेतली असतीस, आणि तेवढ्यात गुरुप्रसाद येऊन मला घेऊन गेला असता. म्हणून मी रेडिओ मोठा केला. दोन महिने मी बातम्या फार मोठ्या आवाजात ऐकल्या. तीन नंबर तुझ्या हातात येण्याआधीच मी त्याचं काय करून ठेवलं होतं, ते तुला माहीत असायला पाहिजे. मी हे गुरुप्रसादलाही काल सांगितलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं. निवेदिता म्हणाली, मलाही.

तेव्हा इंजिन तुझ्याकडून घ्यायचं की नाही हा प्रश्न मला पडत नाही.

दहा तास चालव. धनाजीला त्यात एक पाळी देऊन टाक, त्यानं साठ तासांचं पेट्रोल घातलं आहे.

मी पंधरा फेब्रुवारीला तुळजापूरला येते. प्रवासाचा दिवस बावीस तारीख. गुरुप्रसाद आदल्या रात्री येईल. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना तो कागदाच्या पट्ट्या चिकटवणार आहे, त्याच्या सहीच्या. मग त्याच्या गाडीतून आमच्या मागे येणार आहे.

"आमच्या" लिहिलं, कारण तू माझ्या शेजारी बसणार आहेस. करारात मी स्वतः चालवायचं आहे. शेजारी कोण बसेल ते त्यात नाही. पेचकस घेऊन ये.

चारुशीला


तुळजापूर
१० मार्च

महारुद्र,

घरून लिहिते आहे. पुस्तकांची खोली झाडली. लॉजवाल्यानं भिंतीवर खाटांसाठी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, त्या खोडरबरानं काढल्या. बारा खुणा होत्या.

त्या दिवशी पुण्यात तू जेवून लगेच एसटीनं परत निघालास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. गुरुप्रसाद आपल्यानंतर वीस मिनिटांनी पोचला. पार्किंगमध्ये वाकून त्यानं दोन्ही पट्ट्या पाहिल्या. सही नखानं घासून पाहिली. बॉनेटवर हात ठेवला, तो लगेच काढला नाही. मग वर येऊन त्यानं करार फायलीतून काढला, "अट पूर्ण" असं लिहिलं, तारीख घातली आणि मला दिला. मला वाटलं झालं. तो म्हणाला, "आई, रोज संध्याकाळी एक फोन करायचा. हे करारात नाही, नुसतं सांगतोय." करते आहे. कालचा फोन दोन मिनिटांचा होता. दोघांनाही फारसं बोलायचं नव्हतं.

त्यानंतर दोन गोष्टी पोस्टानं आणि मोबाइलवर आल्या. वेगमर्यादा ओलांडल्याची दोन चलनं. जागा इंदापूरच्या अलीकडची. एक फियाटचं, वेग एकशे आठ. दुसरं गुरुप्रसादच्या गाडीचं. त्याचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे, कारण तो मागे होता.

माझ्या चलनावर कॅमेऱ्यानं समोरून काढलेला फोटो आहे. मोबाइलवरचा फोटो निवेदितेनं मोठा करून कागदावर काढून दिला, एक प्रत सोबत पाठवते. मी चालवते आहे. चष्मा नीट आहे. शेजारी तू पुढे वाकलेला आहेस, लांब पेचकसाची मूठ तुझ्या दातात आहे आणि टोक समोरच्या पत्र्याला लावलेलं आहे. चेहऱ्यावरून तू परीक्षेला बसलेला वाटतोस. सातवीत तू तसा कधी दिसला नाहीस.

गुरुप्रसादनं तो फोटो पाहून विचारलं, हे काय करतायत? मी म्हटलं, गाडी काय म्हणते ते ऐकतोय. तो म्हणाला, मग काय म्हणाली?

मला सांगता आलं नाही. वाटेत मी तुला तीनदा विचारलं होतं, पण तू रस्त्याकडे बघत होतास आणि तुझ्या तोंडात पेचकस होता. आता लेखी विचारते. काय म्हणाली?

कानाच्या मशीनसाठी सोलापूरला एक डॉक्टर आहेत. गुरुवारी सकाळी साडेसातला मी येडशीला येते, तयार राहा. चाळीसनं चालवीन.

चारुशीला


येडशी
१७ मार्च

बाई, पाया पडतो.

मशीन घातलं. सत्यभामाचा आवाज होता तसाच हाय. धनाजी पाठीमागं काय बोलतो ते पण कळलं. बांधावरनं जाताना तो म्हणत व्हता, ह्या बहिऱ्याकडनं आणखी एक इंजिन आणून घेतलं पायजे, कांदा काढायच्या आत. म्या मागं वळून हो म्हणलं. तो अजून घरातनं बाहेर आला न्हाय.

फोटो दुकानात लावलाय. सिद्धेश्वर सोनारानं फ्रेम दिली. गुलाबी कागदात गुंडाळून दिली, म्या कागद तिथंच काढून त्याला परत दिला.

सोलापूरला जाताना तुमी चाळीसनं चालवली न्हाय. मशीन कानात नव्हतं तरी कळलं.

तुमी इचारलं, गाडी काय म्हणाली. घाटात म्या ध्यान देऊन ऐकलं. सोलापूर सोडल्यावर ऐकलं. मोहोळला तीन नंबरवर सगळं ध्यान ठिवलं. इंदापूरला तुमी वेग वाढवला तवा दात आवळून ऐकलं.

कायच म्हणाली न्हाय, बाई. म्हणून तर पुण्यापतुर ऐकत बसलो.

तुमचा महारुद्र